वाढत्या अंगाचा डायव्हिंग सूट

माझ्या मुलीच्या डायव्हिंग सूटचं माप मी बदललं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साळ्याला नाही, आणि ज्या पोरीला तो सूट घालायचा होता तिला तर नाहीच नाही. सात वर्षं मी ही गोष्ट पोटात घेऊन हिंडतो आहे. (पोट मोठं आहे, म्हणून मावली.)

जठारपेठेत माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. सदतीस वर्षं झाली. पोरगं दारातून आत येताना बघितलं की मी त्याचं माप सांगतो. गळ्यातली टेप मी डॉक्टरच्या नळीसारखी लटकवून ठेवतो, म्हणजे मुख्यतः रुबाबासाठी. आणि माझ्या धंद्याचा एकच नियम आहे. अंगाला बसेल ते कधी द्यायचं नाही, वाढत्या अंगाचं द्यायचं. पहिल्या वर्षी पँट दुसऱ्या कोणाची वाटते, दुसऱ्या वर्षी स्वतःची वाटते, तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाची वाटते. मधलं एक वर्ष पोरगं देखणं दिसायला हवं, पण तोवर कापडाचा रंग गेलेला असतो. तरी अकोल्यातली एकही आई माझ्यावर रागावलेली नाही. उलट त्याच सांगतात, "भाऊ, दोन वर्षं पुरलं पायजे."

माझ्या ऋतुजावर तर मी हे शास्त्र मनसोक्त वापरलं. तिचे बूट मी पुढे कापूस कोंबून द्यायचो. एका स्नेहसंमेलनात तिला बक्षीस मिळालं तेव्हा तिच्या अंगात मी दिलेला स्वेटर होता. बाहीतून हात बाहेरच येईना, तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी बाहीशीच हस्तांदोलन केलं! फोटो अजून आहे. त्यात पाहुणे हसताहेत, मी हसतो आहे. ऋतू तेवढी हसत नाहीये. ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ऋतूने अमरावतीत राहून प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं. आता पोट्टी बी. एड. करेल, कुठल्याशा कनिष्ठ महाविद्यालयात बेडकाचं पोट फाडून दाखवेल, असं मी धरून चाललो होतो. एका रविवारी ती घरी आली, भाकरी संपवली आणि शांतपणे म्हणाली की ती कोकणात जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकणार आहे. आधी नवशिक्यांचा कोर्स, मग पुढचा, मग त्याच्याही पुढचा, मग प्रशिक्षक व्हायचं आणि समुद्राच्या तळाशी मासे आणि पोवळी मोजायची.

मी सुन्न झालो. ज्या गावात नळाला पाणी आलं की बायका गल्लीत हाका मारून एकमेकींना सांगतात, त्या गावची पोरगी समुद्राच्या तळाशी नोकरी करणार! (पाण्याशी आमचा संबंध एवढाच की पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात माझं आजोळ आहे. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारट असतं की समुद्राची चव आम्हाला लहानपणापासून घरबसल्या माहीत.)

मी विचारलं, "तिथं पगार कोण देते? मासे?"

तिने ताट उचलून मोरीत नेलं. मंगलाने, म्हणजे माझ्या बायकोने, मात्र एक अट घातली. "गजाननच्या शेततळ्यात मले करून दाखव. मी काठावरून गडू फेकते. तू तो वर आणून दे. आणला तर जा. नाई आणला तर हा विषय पुन्हा नाई."

गजानन म्हणजे मंगलाचा धाकटा भाऊ. चांदूर बाजारजवळ त्याची संत्र्याची बाग आहे आणि बागेला पाणी द्यायला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. ऋतूने अट तिथल्या तिथे मान्य केली. अमरावतीच्या तलावात ती पोहायला शिकली होती. गडू ही तिला कोर्सआधीची कोर्सची परीक्षा वाटली.

मग साहित्य निवडणं सुरू झालं. तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर वरणाशेजारी ऋतूची वही असायची. तिने ठरवलं होतं की फक्त चार वस्तू स्वतःच्या घ्यायच्या. डोळे-नाक झाकणारा मास्क, तोंडात धरायची श्वासाची नळी, पायातले रबरी पंख आणि अंगाला चिकटणारा सूट. हवेची टाकी, तिची श्वासाची झडप, फुगणारं जाकीट, हे सगळं तिथे भाड्याने मिळतं. पाच-पन्नास वेळा पाण्यात गेल्यावर आपल्याला काय हवं ते कळतं, तेव्हा ते घ्यायचं.

मला हे पटलं नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध होतं. मी म्हटलं, "तुले पुढं जाचं हाय ना? मंग पुढचं आत्ताच घे. मोठं घे. एकदाच काय ते."

"बाबा, पुढं जाचं हाय म्हणूनच आत्ताचं नीट घेऊन राहिली मी," ती म्हणाली. "हे चार अंगाला चिकटून बसले नाई तर पाणी आत येते. अन् पाणी आत आलं का माणूस घाबरते. बाकी सारं नंतर."

मास्क कसा निवडायचा हे तिने आम्हाला करून दाखवलं. मैत्रिणीकडून तिने अरुंद चेहऱ्याचा एक मास्क मागून आणला होता. पट्टा न लावता तो तोंडावर धरायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. ऋतूच्या चेहऱ्यावर तो असा बसला की जन्मतःच होता. मंगलाच्याही बसला, आणि तो लावूनच ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला गेली. माझ्या तोंडावरून मात्र घसरून तो थेट ताकात पडला.

"मिशी," ऋतू म्हणाली. "मिशीच्या केसातून हवा येते. बाबा, तुम्हाले पाण्यात जाचं असंल तर मिशी काढा लागंल."

"मी पाण्यातही जात नाई अन् मिशीही जात नाई," मी म्हटलं. (मिशी माझी कॉलेजपासूनची आहे. दुकानाच्या पाटीवर माझा फोटो आहे, त्यात चेहऱ्यापेक्षा तीच जास्त आहे.)

इथवर सगळं ठीक होतं. दुखावलो मी पुढच्या गोष्टीने. ऋतूने माझ्या गळ्यातली टेप मागून घेतली, आत गेली आणि आईकडून माप घेऊन आली. छाती, कंबर, नितंब, घोटा, मनगट, सगळं वहीत लिहून! घरात तीस वर्षं मापं घेणारा माणूस बसलेला असताना!

मी विचारलं, "मी होतो ना?"

ती हसून म्हणाली, "तुमी मोजलं का दोन इंच वाढतात बाबा. आयुष्यात पयल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी घेऊन राहिली मी. घेऊ द्या."

या वाक्यावर शहाणा बाप गप्प बसला असता. मीही गप्पच बसलो. तोच घोटाळा झाला, कारण मी गप्प बसतो तेव्हा डोकं चालवत असतो.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातल्या संगणकावर ऑर्डर भरून ठेवली. सूट 'एस', पंख तिच्या नंबराचे, मास्क अरुंद. "बाबा, फक्त शेवटचं बटण दाबा," असं सांगून ती अमरावतीच्या बसला पळाली. मी चष्मा लावला. पडद्यावर तो 'एस' बघितला आणि माझ्यातला दुकानदार हळहळला. तेवीस वर्षांची पोर. आज नवशिकी आहे, उद्या मोठी डायव्हर होणार, अंग भरेल, दंड भरतील, खाणंपिणं कोकणातलं. मोठ्या डायव्हरला मोठा सूट लागणार हे सरळ आहे. शेजारी एक छोटासा बाण होता. मी तो दाबला. 'एम' आला. बरा वाटला. आणखी एकदा दाबला. 'एल' आला, आणि मला एकदम शांत वाटलं. पंख दोन नंबर वर नेले. मास्क अरुंदचा रुंद केला, कारण चेहरासुद्धा अंगाचाच भाग आहे. मग शेवटचं बटण दाबलं.

पार्सल आलं ते दुकानात. ऋतू अमरावतीहून परस्पर शेतावर येणार होती आणि सामान मी न्यायचं होतं. सूटच्या मानेला लेबल होतं, ते मी कात्रीने काढलं. (लेबल टोचतं. प्रत्येक गणवेशाचं मी काढतो. सवय.) मास्कचा डबा रद्दीत टाकला. पंखांवरचा आकडा मात्र रबरातच कोरलेला होता. म्हणून दोन्हीवर मी दुकानाचं स्टिकर डकवलं. ही सवय नव्हती. इथे मला कळत होतं की मी काय करतो आहे. हे मुद्दाम लिहितो, नाही तर पुन्हा लबाडी होईल.

मे महिना. सकाळी नऊलाच ऊन असं की संत्र्याच्या झाडांनाही सावली हवी होती. मंगला छत्री उघडून काठावर बसली, मांडीवर पितळी गडू. गजानन दोर घेऊन उभा, कारण ओल्या प्लास्टिकवरून वर चढता येत नाही, माणसाला ओढून घ्यावं लागतं. ऋतू झाडाआड जाऊन सूट घालून आली.

"बाबा, हा ढिला हाय."

आता बघा, हा क्षण होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी टेप सावरली आणि तीस वर्षांचा अनुभव घशात आणून म्हणालो, "पाण्यात गेला का आवळते."

तिने माझ्याकडे पाहिलं. वहीतलं माप पुन्हा वाचलं. कापडातलं बाबांना कळतं, असा विचार तिने केला असणार. सूट माणसाला तरंगवतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने मामाच्या तराजूची लोखंडी वजनं ओढणीत गुंडाळून कमरेला बांधली. मंगलाने गडू फेकला. डुबुक. ऋतू त्याच्यामागे गेली.

सूट पाण्यात आवळला नाही. तो फुगला. गळ्यातून आणि बाह्यांतून पाणी आत शिरलं आणि पोरीचे दंड पहेलवानासारखे दिसायला लागले. पहिल्याच सुळकीत मास्कमध्ये पाणी भरलं. ती वर आली, मास्क रिकामा केला, पुन्हा गेली. पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी तिने जोरात पाय मारला तसा उजवा पंख सुटला आणि तिच्याशिवायच तळाकडे निघून गेला. त्याला गडू बहुधा सापडला असावा. ऋतूने कमरेची ओढणी सोडली आणि खोकत वर आली. गजाननने दोराने तिला ओढलं. काठावर ती उभी राहिली तेव्हा तिच्या दोन्ही घोट्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. गजानन म्हणाला, "बाप्पा! हे तर ठिबक झालं." आणि तो एकटाच हसला.

मंगलाने छत्री मिटली. "झालं पाहून. घरी चाला."

ऋतू तिच्याशी भांडली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं, डोळ्यांतूनही. हळू आवाजात म्हणाली, "मीच चुकली बाबा. माप मीच देल्लं. मले साधं स्वतःचं माप घेता येत नाई, अन् मी समुद्रात जाऊन राहिली."

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. पण खरं बोलायला उघडलेल्या त्या तोंडातून निघालं ते हे: "दे इकडे तो सूट. मी जातो पाण्यात."

मला पोहता येत नाही.

पुढचा अर्धा तास सूट माझ्या अंगात घालण्यात गेला. गजाननने माझ्या पायांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, अंगाला भांड्याचा साबण लावला आणि मला झाडाला धरून उभं केलं. पाठीची चेन ओढायला मंगलालाही उठावं लागलं. तिने गुडघा माझ्या पाठीला लावला आणि तीस वर्षांच्या संसाराचा सगळा हिशेब एका ओढीत मिटवला. चेन लागली! सूट मला पक्का बसला. खांद्यात बसला, पोटावर बसला, मनगटावर बसला. तिथे मला पहिल्यांदा कळलं की वाढत्या अंगाचं घेतलं ते बरोबरच होतं. घरात अंग फक्त माझंच वाढत होतं.

"अहो, बुडसान," मंगला म्हणाली.

"बुडून दाखवतो," म्हणालो आणि घसरलो. (लोक उडी म्हणतात. ती उडी नव्हती.)

बुडालो नाही. वजनं तळाशी गेली होती आणि माझ्या अंगावर दोन मापं मोठं रबर होतं, त्यात माझी स्वतःची चरबी. मी बुचासारखा वर आलो. खाली जायचा प्रयत्न केला, पाय वर आले. पाय खाली दाबले, पोट वर आलं. उपडा झालो तर आपोआप उताणा होत होतो. ऋतू रडणं विसरून ओरडून सूचना द्यायला लागली, "बाबा, हात नका मारू. शांत पडा. छातीत हवा धरा. तोंडानं श्वास घ्या, हळू." आणि मी तिचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं आणि खरोखर शांत झालो. कान पाण्यात, डोळ्यांवर आभाळ, आणि काठावरून कसलासा आवाज.

तो मंगलाचा होता. ती हसत होती. छत्री पडली होती, पदराची शुद्ध नव्हती. आमच्या लग्नातसुद्धा ती एवढी हसली नव्हती. (लग्नात माझा कोट वाढत्या अंगाचा होता, तरी.) डोळे पुसत ती ऋतूला म्हणाली, "जाय बाई. एवढं वजन बुडत नाई, तर तू कायची बुडतं. अन् शिकवतं चांगली. तुया बाप आजपर्यंत कोणाचं ऐकत नोता."

गडू तळातच राहिला. अट कोणाला आठवली नाही.

ऋतू गेली. तिथल्या भाड्याच्या, तिच्या मापाच्या सूटमध्ये कोर्स पूर्ण केला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. अकोला स्टेशनवर निरोप देताना मी भावनेच्या भरात बोलून बसलो होतो, "तू मास्तरीण झाली का पयला विद्यार्थी मी. मिशी काढून येईन." ती झाली. दोन वर्षं झाली. मिशी आहे.

आणि मी? मी खानदानात वीर ठरलो. कोणतंही लग्न असो, गजानन पंगतीत सांगतो, "भाऊजींनी पोट्टीसाठी तळ्यात उडी घेतली, पोहता येत नाई तरी." लोक माझ्याकडे बघतात. मी नम्रपणे मठ्ठा पितो. 

गेल्या हिवाळ्यात मी आणि मंगला तिच्याकडे गेलो. किनाऱ्यावर दहा-बारा नवशिकी मुलं-मुली वाळूत बसली होती आणि ऋतू त्यांना साहित्य कसं निवडायचं ते सांगत होती. अंगाला चिकटून बसलेला, तिचाच वाटणारा सूट. ती म्हणाली, "मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा माझंच माप चुकीचं दिलं. खूप लाज वाटली. म्हणून आता मी दोनदा मोजते आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याकडून तपासून घेते. तुम्हीही घ्या. चुकलात तर लाजू नका, मीही चुकले होते." मग मागे बोट दाखवून म्हणाली, "आणि ते माझे बाबा. त्या दिवशी तेच माझ्यासाठी पाण्यात उतरले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले! न केलेल्या चुकीवर पोरीने एवढी चांगली शिकवणूक उभी केली आहे, की आता सांगितलं तर तिचा पहिला धडाच जाईल, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत आलो. अकोला येईपर्यंत पटलंही होतं.

या उन्हाळ्यात गजाननचं तळं आटलं. गाळ काढताना गडू सापडला, आणि त्याच्याशेजारी तो पंख. गजाननचा फोन आला, आवाजात कौतुक मावत नव्हतं: "भाऊजी, सात वर्षं पाण्यात राहून तुमचं स्टिकर जसंच्या तसं हाय. कुठून छापता?" पुढच्याच आठवड्यात तो पंख धुऊन, पिशवीत घालून दुकानात देऊन गेला. ऋतू दिवाळीला येणार आहे, तिला आठवण म्हणून द्या म्हणाला.

पंख आत्ता माझ्यापुढे गल्ल्यावर आहे. माल इतका चांगला वापरल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप होतो आहे. एक कोपरा नखाने उचलून बघितला. उचलत नाही.

मी ऋतूचं दोन गोष्टींचं देणं लागतो. हे स्टिकर तिच्यासमोर काढून खालचा आकडा तिला वाचायला लावायचा, आणि ही मिशी. मिशी काढायला न्हावी आहे. स्टिकरचं मलाच बघावं लागेल.